स्किझोफ्रेनियातील स्त्री-पुरुष भेद आणि जीवनगुणवत्ता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजारासह जगणाऱ्या व्यक्तींच्या घरच्यांकडून आणि अलीकडे मोठ्या संख्येने त्या व्यक्तींकडूनही जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. आजारासह जगणाऱ्या व्यक्तीसाठी 'शुभार्थी' आणि तिची काळजी वाहणाऱ्यासाठी 'शुभंकर' हे मराठीत रुळलेले शब्द पुढे सर्वत्र वापरले आहेत. एकाच मुद्द्याला दोन ठिकाणी हात घालावा लागू नये म्हणून आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. औषधांविषयीची माहिती डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावी एवढ्यासाठी दिली आहे. ती वाचून कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये किंवा बदलू नये.

१. जीवनगुणवत्ता म्हणजे नेमके काय? जीवनमान आणि जीवनगुणवत्ता एकच का?

नाही. जीवनमान म्हणजे घर, उत्पन्न आणि सोयी. ते बाहेरून पाहून सांगता येते. जीवनगुणवत्तेत त्या व्यक्तीला स्वतःचे आयुष्य कसे वाटते हेही येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येचा आशय असा, की आपण ज्या संस्कृतीत आणि मूल्यांमध्ये राहतो त्यांच्या संदर्भात, आपली उद्दिष्टे, अपेक्षा आणि चिंता लक्षात घेऊन, आयुष्यातील आपल्या स्थानाविषयी आपली जी धारणा असते ती जीवनगुणवत्ता. या व्याख्येतील 'अपेक्षा' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण समाज स्त्रीकडून आणि पुरुषाकडून वेगवेगळ्या अपेक्षा ठेवतो आणि आजारी पडल्यावरही माणूस स्वतःला त्याच अपेक्षांच्या मापाने मोजत राहतो.

२. आयुष्य चांगले की वाईट हे मोजतात तरी कसे?

दोन प्रकारच्या मोजपट्ट्या आहेत आणि त्यांतील फरक समजल्याशिवाय पुढचे बरेचसे निष्कर्ष परस्परविरोधी वाटतील.

पहिल्या प्रकारात शुभार्थी स्वतः उत्तरे देतो. जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची संक्षिप्त प्रश्नावली या प्रकारातली. तिचे शारीरिक, मानसिक, सामाजिक संबंध आणि परिसर असे चार विभाग आहेत. दुसऱ्या प्रकारात प्रशिक्षित व्यक्ती मुलाखत घेऊन गुण देते. हाइनरिक्स, हॅनलन आणि कार्पेंटर यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेली २१ मुद्द्यांची मोजपट्टी या प्रकारातली सर्वांत परिचित आहे. तीत माणसांशी असलेले संबंध, काम किंवा अन्य भूमिका निभावणे, मनातली उमेद व हेतू आणि रोजच्या व्यवहारातील सहभाग तपासला जातो.

या दुसऱ्या मोजपट्टीविषयी एक सावधगिरी सांगणे मला आवश्यक वाटते. ती मुळात आजारामुळे आलेली उणीव टिपण्यासाठी तयार झाली होती, त्यामुळे उमेद नसणे किंवा माणसांत न मिसळणे अशी जी लक्षणे पुरुषांत अधिक आढळतात, तीच तिच्यात कमी जीवनगुणवत्ता म्हणूनही नोंदली जातात. म्हणजे पुरुषांचे कमी गुण काही अंशी मोजपट्टीच्या रचनेतूनच येतात. स्वतः भरण्याच्या प्रश्नावलीतही खाचखळगे आहेत. २६ प्रश्नांच्या त्या प्रश्नावलीत सामाजिक संबंधांच्या विभागात तीनच प्रश्न असून त्यांतला एक लैंगिक जीवनातील समाधानाविषयी आहे. संकोचाने तो कोरा सोडला, तर उरलेल्या दोन उत्तरांवरच तो विभाग उभा राहतो.

३. हा आजार पुरुषांना जास्त होतो की स्त्रियांना?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दोन कोटींहून अधिक, म्हणजे साधारण ३०० ते ३५० मध्ये एका व्यक्तीला स्किझोफ्रेनिया आहे. नव्याने निदान होणाऱ्यांमध्ये दर १० स्त्रियांमागे सुमारे १४ पुरुष असतात. मात्र एखाद्या वेळी समाजात आजारासह जगत असलेल्या एकूण व्यक्ती मोजल्या, तर स्त्री-पुरुषांतील तफावत पुष्कळ कमी होते. पुरुषांमधील अधिक अकाली मृत्यू हे त्याचे एक संभाव्य कारण आहे (प्रश्न १४ पाहावा).

४. आजार कोणत्या वयात सुरू झाला याने पुढच्या आयुष्यात एवढा फरक का पडतो?

स्त्री-पुरुष भेदाच्या संदर्भात सर्वांत जास्त वेळा तपासली गेलेली आणि बहुतेक वेळा टिकलेली गोष्ट म्हणजे आजार सुरू होण्याचे वय. पुरुषांमध्ये तो बहुधा विशीच्या आसपास डोके वर काढतो. स्त्रियांमध्ये सरासरी तीन ते पाच वर्षे उशिरा, आणि पुढे पंचेचाळिशीनंतर स्त्रियांमध्ये एक दुसरी, लहान लाटही दिसते. जर्मनीतील मानहाइम येथे हाइन्त्स हेफ्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच आजारी पडलेल्या व्यक्तींचा जो बारकाईने अभ्यास केला, त्यात हा फरक स्पष्टपणे मांडला गेला.

तीन-चार वर्षे ऐकायला थोडी वाटतात, पण ती आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावरची आहेत हे पाहिले पाहिजे. विशीच्या सुरुवातीला शिक्षण पूर्ण होते, पहिली नोकरी लागते, मैत्री टिकवण्याची आणि भांडण मिटवण्याची रीत अंगवळणी पडते, जोडीदार मिळतो. एकोणिसाव्या वर्षी आजार सुरू झालेल्या तरुणाला यांतले काहीच हाती लागलेले नसते. बरे वाटू लागल्यावर परत जायला त्याला जागा नसते, ती नव्याने घडवावी लागते. चोविसाव्या वर्षी आजारी पडलेल्या मुलीकडे अनेकदा पदवी, कामाचा थोडा अनुभव आणि दोन-तीन जिवाभावाच्या मैत्रिणी असतात. शिवाय आजारापूर्वीचे सामाजिक वागणे मुलींमध्ये सरासरीने अधिक सुस्थितीत असते. पुढे दिसणाऱ्या जीवनगुणवत्तेतील फरकाचा मोठा हिस्सा या आधीच जमलेल्या शिदोरीचा आहे.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. लहान वयात आजारी पडलेल्या मुलाला 'पूर्ववत' करण्याचे ध्येय ठेवणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे, कारण त्याचे 'पूर्व' सोळा-सतरा वर्षांचे होते. त्याचे पुनर्वसन म्हणजे त्याने आयुष्यात पहिल्यांदाच प्रौढ होणे, आणि त्यासाठी लागणारा वेळ त्याला मिळाला पाहिजे.

५. माझा मुलगा दिवसभर पडून असतो, आंघोळीचाही कंटाळा करतो. हा आजार की आळस?

भास होणे, संशय येणे, भ्रामक समजुती घट्ट धरणे ही लक्षणे सर्वांच्या नजरेत भरतात. उमेद न वाटणे, बोलणे कमी होणे, चेहऱ्यावर भावना न उमटणे, आनंद न वाटणे, माणसांत मिसळावेसे न वाटणे ही ऋण लक्षणे मात्र सहसा स्वभावाच्या खाती जमा होतात. पुरुषांमध्ये ती सरासरीने अधिक तीव्र असतात, आणि सध्याच्या औषधांचा त्यांच्यावर भास व संशयाइतका परिणाम होत नाही. आपण ज्याला आळस म्हणत आहात तो बहुधा आजाराचा तोच भाग आहे जो गोळ्यांनी पुरेसा हटलेला नाही.

तरीही डॉक्टरांना तीन शक्यता तपासायला सांगावे. औषधाचा डोस जास्त झाल्यामुळे येणारी गुंगी, औषधामुळे हालचालींत आलेला मंदपणा आणि नैराश्य या तिन्ही गोष्टी बाहेरून अगदी अशाच दिसतात, आणि या तिन्हींवर उपाय आहेत. नैराश्याची शंका पुरुषांच्या बाबतीत कमी वेळा घेतली जाते, कारण तो रडत नाही आणि 'मला उदास वाटते' असेही म्हणत नाही.

६. मग सरळ सांगा, कोणाची जीवनगुणवत्ता अधिक चांगली असते?

मुलाखत घेणाऱ्याने गुण दिलेल्या सामाजिक व्यवहाराच्या मोजपट्ट्यांवर स्त्रिया बऱ्याच अभ्यासांत पुढे असतात. त्यांचे विवाह, मैत्री आणि स्वतंत्र राहणे यांचे प्रमाण जास्त असते, रुग्णालयातील दिवस सरासरीने कमी असतात आणि पहिल्या काही वर्षांत औषधांना प्रतिसादही बरा मिळतो. शुभार्थींनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलींत मात्र हा फायदा पुष्कळदा नाहीसा होतो. काही अभ्यासांत फरकच दिसत नाही आणि काहींत शारीरिक व मानसिक विभागांत स्त्रियाच मागे असतात.

या विसंगतीकडे दुर्लक्ष करू नये असे माझे आग्रहाचे मत आहे. 'स्त्रियांचा आजार सौम्य जातो' हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले जाते की ते ऐकून स्त्रीची तक्रार बाजूला ठेवण्याची सवय लागते, आणि त्याच वाक्याच्या दुसऱ्या बाजूने पुरुषाच्या बाबतीत आशा लवकर सोडली जाते. सरासरीतील फरक हा गटाविषयीचा असतो. दोन स्त्रियांमधील अंतर हे सरासरी स्त्री आणि सरासरी पुरुष यांच्यातील अंतरापेक्षा कितीतरी मोठे असू शकते.

७. बहिणीचे लग्न टिकले, ती घर सांभाळते, भास थांबले आहेत. तरी ती सुखी नाही म्हणते. असे का?

स्वतःला जाणवणाऱ्या जीवनगुणवत्तेशी सर्वांत घट्ट जोडलेली गोष्ट भास किंवा संशय नसून उदासी आणि चिंता आहे, असे अनेक अभ्यासांत आढळते. स्किझोफ्रेनिया असलेल्या स्त्रियांमध्ये ही भावनिक लक्षणे पुरुषांपेक्षा अधिक असतात. म्हणून बाहेरून सारे जमलेले दिसत असतानाही आतले समाधान कमी असू शकते.

दुसरे कारण आजाराची जाण. आपल्याला काय झाले आहे हे ज्याला नीट उमजते, तो उपचार चांगले घेतो, पण काय गमावले हेही त्याला लख्ख दिसते. जाण वाढली की उदासी वाढण्याचा धोका असतो आणि त्या टप्प्यावर अधिक आधार द्यावा लागतो. याच्या उलट, अपेक्षा सोडून दिलेली व्यक्ती अत्यंत तुटपुंज्या आयुष्याविषयीही 'ठीक आहे' असे सांगते. त्या 'ठीक'वर विसंबून पुनर्वसन थांबवणे चुकीचे होईल.

तिसरी गोष्ट लग्न टिकण्याविषयी. विवाहित असणे हा अभ्यासांत चांगल्या बाजूचा गुण धरला जातो. तो विवाह सुखाचा आहे का, हे फारसे विचारले जात नाही. जिथे घरचे सगळे काम, मुले आणि सासरच्यांची बोलणी आजारासकट तिच्याच वाट्याला आहेत, तिथे ती 'संसारात स्थिर' असल्याची नोंद तिच्या थकव्याविषयी काहीच सांगत नाही. बहिणीशी एकांतात बोला आणि डॉक्टरांकडे उदासीची स्वतंत्र तपासणी मागा.

८. इस्ट्रोजेन स्त्रियांचे रक्षण करते असे वाचले. मग ते औषध म्हणून का देत नाहीत?

इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा (हार्मोनचा) मेंदूतील डोपामिन या रसायनाच्या यंत्रणेवर शामक परिणाम होतो, असे मानण्यास बराच आधार आहे. आजार उशिरा सुरू होणे, काही स्त्रियांना पाळीच्या आधीच्या दिवसांत त्रास वाढणे, बाळंतपणानंतर आणि रजोनिवृत्तीच्या काळात आजार उसळणे या सगळ्या गोष्टी त्या कल्पनेशी जुळतात. मेलबर्न येथे जयश्री कुलकर्णी यांच्या गटाने नेहमीच्या औषधांना जोडून त्वचेवर लावण्याच्या इस्ट्राडायॉलच्या (इस्ट्रोजेनच्या एका प्रकाराच्या) पट्ट्यांचे प्रयोग केले आणि त्यांत काही स्त्रियांची लक्षणे कमी झाली. रॅलॉक्सिफेन या संबंधित औषधाचे निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत.

इस्ट्रोजेनमुळे रक्तात गुठळ्या होणे, गर्भाशयाच्या अस्तराची वाढ आणि स्तनांच्या कर्करोगाचा धोका हे प्रश्न उभे राहतात. म्हणून तो नित्याचा उपचार नाही. त्यापेक्षा सोपी आणि आज करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे तीन महिने पाळीच्या तारखा आणि लक्षणे एकाच वहीत टिपणे. दर महिन्याला ठरावीक दिवसांत त्रास वाढत असेल, तर ती वही पाहून डॉक्टरांना निर्णय घेणे सोपे जाते.

९. औषधांचे दुष्परिणाम स्त्रियांना वेगळे होतात का?

होतात, आणि जीवनगुणवत्तेच्या दृष्टीने हा मला सर्वांत दुर्लक्षित भाग वाटतो.

एकाच डोसनंतर ओलान्झापिन किंवा क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरील औषधांचे रक्तातील प्रमाण स्त्रियांमध्ये सरासरीने अधिक राहते, कारण यकृतात ही औषधे निकामी करण्याचा वेग कमी असतो. पुरुषांमध्ये धूम्रपान जास्त असल्याने हे अंतर आणखी वाढते (प्रश्न १३ पाहावा). याचा अर्थ सर्वांना सारखा 'नेहमीचा' डोस दिल्यास काही स्त्रियांना गरजेपेक्षा जास्त औषध मिळते आणि त्यासोबत गुंगी, वजनवाढ व हालचालींतील अडखळ हेही मिळते. वजन, पोटाचा घेर, रक्तातील साखर आणि चरबी नियमित तपासणे दोघांसाठीही आवश्यक आहे. वाढलेल्या वजनाविषयीची लाज मात्र स्त्रियांना अधिक छळते आणि त्या लाजेपोटी गोळ्या गुपचूप बंद होतात.

रिस्पेरिडोन, पॅलिपेरिडोन, अमिसल्प्राइड यांसारखी औषधे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढवतात. त्यामुळे पाळी अनियमित होते किंवा थांबते, बाळ नसताना दूध येते, लैंगिक इच्छा मंदावते. हे वर्षानुवर्षे चालू राहिल्यास हाडे ठिसूळ होण्याचा धोका असतो. फिनलंडमधील नोंदींवर आधारित, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा औषधांचा दीर्घकाळ वापर आणि स्तनांचा कर्करोग यांचा संबंध आढळला. घाबरून औषध सोडण्याचे हे कारण नव्हे. मात्र स्तनांची तपासणी वेळच्या वेळी करून घेण्याचे आणि 'प्रोलॅक्टिन न वाढवणारा पर्याय मला चालेल का' असे विचारण्याचे हे पुरेसे कारण आहे.

१०. औषधांमुळे पाळी बंद आहे. म्हणजे गर्भ राहणार नाही ना?

असे गृहीत धरू नये. पाळी थांबलेली असतानाही क्वचित बीज बाहेर पडू शकते. त्याहून मोठा धोका औषध बदलताना असतो. प्रोलॅक्टिन वाढवणारे औषध थांबवून दुसरे सुरू केले की प्रजननक्षमता अचानक परतू शकते, बऱ्याचदा पाळी दिसण्याच्याही आधी. औषध बदलायचे ठरताच गर्भनिरोधनाविषयी बोलून घ्यावे.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट अशी, की कार्बामाझेपिन सोबत दिले असल्यास गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, आणि व्हॅल्प्रोएट गर्भातील बाळाच्या मणक्याला व बौद्धिक वाढीला गंभीर हानी पोहोचवू शकते. मूड सांभाळण्यासाठी यांतले काही दिले जात असेल आणि वय मूल होण्याचे असेल, तर हा विषय लग्न ठरल्यावर किंवा पाळी चुकल्यावर नव्हे, आजच काढावा.

११. मला मूल हवे आहे. स्किझोफ्रेनिया असताना आई होता येते का?

होता येते, आणि अनेक स्त्रिया होतात. गर्भ राहिल्याचे कळताच सर्व औषधे एकदम बंद करणे हा सर्वांत धोक्याचा निर्णय आहे, कारण आजार उलटल्यास आई आणि बाळ दोघांचीही हानी होते. बहुतेक अँटिसायकोटिक (भास व भ्रम कमी करणाऱ्या) औषधांमुळे मोठे जन्मजात दोष लक्षणीयरीत्या वाढतात असे आढळलेले नाही. ओलान्झापिन व क्लोझापिन घेताना मात्र गरोदरपणातील मधुमेहावर लक्ष ठेवावे लागते. गरोदरपणात शरीराची औषध हाताळण्याची रीत बदलते आणि काही औषधांचे रक्तातील प्रमाण वर-खाली होते, म्हणून जुनाच डोस न तपासता चालू ठेवू नये. क्लोझापिन चालू असताना स्तनपान टाळण्याचा सल्ला दिला जातो.

बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात. त्या काळात आईची रात्रीची झोप हे औषधाइतकेच महत्त्वाचे मानावे आणि रात्रीच्या दुधाची व्यवस्था दुसऱ्या कोणाकडे द्यायची हे आधीच ठरवावे. मूल आपल्यापासून काढून घेतले जाईल या भीतीने अनेक माता लक्षणे लपवतात. ही भीती निराधार नसते, कारण आजारी मातांकडून मुलांचा ताबा जाण्याचे प्रसंग घडतात. म्हणूनच शुभंकरांनी सुरुवातीलाच स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे, की मदत मागणे हे तिच्या आईपणाच्या विरोधातला पुरावा म्हणून वापरले जाणार नाही.

पुरुष शुभार्थींना मात्र 'तुम्हाला बाप व्हायचे आहे का' असे सहसा कोणी विचारतच नाही. ती इच्छा त्यांनाही असते.

१२. लैंगिक अडचण डॉक्टरांना कशी सांगावी? मी पुरुष आहे, फार लाज वाटते.

इच्छा कमी होणे, ताठरता न येणे, वीर्यपतनात अडचण, क्वचित छातीला सूज येणे हे औषधांचे ओळखीचे परिणाम आहेत. डॉक्टरांसाठी त्यांत नवे काहीच नाही. बोलता येत नसेल तर चिठ्ठी लिहून द्यावी. 'हे औषध सुरू केल्यापासून लैंगिक अडचण आहे' एवढे एक वाक्य पुरते. डोस कमी करणे, औषध बदलणे किंवा पूरक उपचार असे पर्याय असतात. आईवडील सोबत असतील तर पाच मिनिटे एकट्याने बोलण्याचा आग्रह धरणे हा आपला अधिकार आहे.

१३. सिगारेट आणि इतर व्यसनांचा यात काय संबंध?

दारू, गांजा आणि तंबाखू यांचा वापर पुरुष शुभार्थींमध्ये जास्त असतो आणि त्यांचा आजार वारंवार उलटण्यामागे ते एक मोठे कारण आहे. गांजाचा धोका विशेष, कारण तो आजार लवकर सुरू होण्याशीही जोडलेला आहे.

सिगारेटबाबतची एक बाब घरोघरी माहीत असायला हवी. तंबाखूच्या धुरामुळे क्लोझापिन आणि ओलान्झापिन शरीरातून लवकर निघून जातात. एकदम सिगारेट सुटली, मग ती निश्चयाने असो किंवा रुग्णालयात दाखल झाल्यामुळे, तर काही दिवसांतच या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढते आणि जास्त डोसची लक्षणे दिसू लागतात. हा परिणाम धुरातील घटकांचा असतो, निकोटिनचा नाही. त्यामुळे निकोटिनच्या पट्ट्या लावूनही औषधाची पातळी वाढतेच. सिगारेट जरूर सोडावी, पण डॉक्टरांना तारीख सांगून सोडावी.

१४. आयुर्मान आणि आत्महत्या यांविषयी खरे काय आहे?

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात स्किझोफ्रेनियामुळे आयुष्याची सरासरी १४.५ वर्षे गमावली जातात असे दिसले, पुरुषांमध्ये १५.९ आणि स्त्रियांमध्ये १३.६. यांतले बहुतेक मृत्यू हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांचे असतात, म्हणजे रक्तदाब, साखर आणि तंबाखूकडे लक्ष देऊन टाळता येण्यासारखे.

आत्महत्येचे आयुष्यभरातील प्रमाण सुमारे ५ टक्के मानले जाते. धोका तरुण वयात, आजाराच्या पहिल्या काही वर्षांत आणि रुग्णालयातून घरी आल्यानंतरच्या दिवसांत अधिक असतो. पुरुषांमध्ये प्रमाण जास्त आहे. तरी सर्वसाधारण समाजात स्त्री-पुरुषांमध्ये जेवढी तफावत दिसते तेवढी येथे दिसत नाही, म्हणून 'ती बाई आहे, असे काही करणार नाही' हा दिलासा खोटा आहे. मरणाविषयी थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलण्याची वाट मोकळी होते. उत्तर होकारार्थी आले तर व्यक्तीला एकटे न सोडता त्याच दिवशी तज्ज्ञांकडे न्यावे.

१५. आईला पन्नाशीत पहिल्यांदाच संशय येऊ लागला. या वयात स्किझोफ्रेनिया होतो का?

होतो, आणि या वयात सुरू होणाऱ्यांमध्ये स्त्रिया अधिक असतात. अशा वेळी संशय व छळ होत असल्याचा भ्रम ठळक असतो. विचारांचा विस्कळीतपणा आणि ऋण लक्षणे कमी असतात. त्यामुळे ती व्यक्ती उत्तम बोलते, घर नीट ठेवते आणि कोणाला आजाराची शंका येत नाही. थायरॉइड, जीवनसत्त्वांची कमतरता, ऐकू कमी येणे, स्मृतिभ्रंशाची सुरुवात या शक्यता आधी तपासून घ्याव्यात.

आधीपासून आजार असलेल्या आणि वर्षानुवर्षे कमी डोसवर स्थिर राहिलेल्या स्त्रियांचाही त्रास रजोनिवृत्तीच्या काळात वाढू शकतो. 'गोळ्या नीट घेत नसशील' असा आरोप करण्याआधी ही शक्यता लक्षात घ्यावी.

१६. स्त्री शुभार्थींच्या सुरक्षिततेबद्दल वेगळा विचार करावा का?

करावा. गंभीर मानसिक आजार असलेल्या व्यक्ती हिंसक असतात अशी समजूत आहे. प्रत्यक्षात त्या हिंसेच्या बळी ठरण्याचे प्रमाण मोठे आहे, आणि स्त्रियांच्या बाबतीत त्यात लैंगिक अत्याचार व जोडीदाराकडून होणारी मारहाण अधिक असते. तिने काही सांगितले, तर 'हा संशयाचाच भाग असेल' असे समजून ते झटकू नये. भ्रम असलेल्या स्त्रीवरही खरोखर अत्याचार होऊ शकतो, किंबहुना तिचे कोणी खरे मानणार नाही हे जाणूनच तो केला जातो.

१७. संशोधनात स्त्रिया कमी असतात असे म्हणतात. त्याचा आम्हाला काय फरक पडतो?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७७ मध्ये मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याची सूचना काढली होती. ती १९९३ मध्ये मागे घेण्यात आली. त्यानंतरही स्किझोफ्रेनियाच्या औषधांच्या अनेक चाचण्यांत पुरुषच जास्त राहिले. प्रश्न ९ मधील 'नेहमीच्या' डोसचा प्रश्न काही अंशी येथून येतो. बहुतेक अभ्यासांत स्त्री आणि पुरुष एवढ्या दोनच नोंदी आहेत. त्यांचे निष्कर्ष ट्रान्स शुभार्थींना जसेच्या तसे लावू नयेत, आणि संप्रेरक उपचार चालू असल्यास ते मनोविकारतज्ज्ञांना अवश्य सांगावेत.

१८. आमच्या घरी मुलगा आणि मुलगी दोघांनाही हा आजार आहे. दोघांसाठी एकच योजना चालेल का?

पाया एकच राहील: नियमित औषध, झोप, शारीरिक तपासण्या, कुटुंबाला आजाराचे शिक्षण आणि घरात टोचून बोलणे टाळणे. त्यापुढे मात्र दोघांना स्वतंत्रपणे विचारा की येत्या वर्षभरात आयुष्यात कोणती एक गोष्ट बदललेली हवी आहे, आणि एकाचे उत्तर दुसऱ्यावर लादू नका.

अनेक घरांत मुलीकडून बरे होताच स्वयंपाकघर सांभाळण्याची अपेक्षा असते आणि मुलाला ताटावरून उठून हात धुण्यापलीकडे काही करू दिले जात नाही. या सवयीने दोघांचेही नुकसान होते. मुलीवर झेपण्याआधीच भार पडतो, आणि मुलाला रोजच्या व्यवहाराचा जो सराव हवा असतो तोच मिळत नाही. मुलाला भाजी चिरणे, कपडे धुणे, बँकेत जाणे शिकवा. आई थकल्यावर त्याचे आयुष्य त्यावरच उभे राहणार आहे. मुलीला पगाराच्या कामाची इच्छा असेल, तर 'घरात बरी आहेस' म्हणून ती मोडू नका. कामाच्या ठिकाणी सोबतीला मार्गदर्शक देणाऱ्या रोजगार योजनांचा उपयोग स्त्री-पुरुष दोघांनाही होतो.

डॉक्टरांकडे जाताना दोघांच्या वह्या वेगळ्या ठेवा. मुलीच्या वहीत पाळीच्या तारखा, वजन, औषधाचा डोस आणि मनाची उदासी यांची नोंद असू द्या. मुलाच्या वहीत सिगारेटी, झोपेचे तास, आठवड्यात किती वेळा तो घराबाहेर पडला आणि कोणाशी बोलला हे लिहा. भेटीच्या वेळी दोघांनाही काही मिनिटे डॉक्टरांशी एकटे बोलू द्या, आणि नोंदी वाचून दाखवायचे काम शक्य असेल तेव्हा त्यांच्याकडेच सोपवा.